वाहनाची मालकी आणि वाहनाचें भाडें

‘घरचें झालें थोडें आणि व्याह्यानें धाडलें घोडें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याला वाहनाच्या अर्थशास्त्राचें मर्म पुरतें कळलेलें असलें पाहिजे. व्याह्यानें धाडलेलें घोडें फुकटचें असतें; त्याची किंमत कोणी मागत नाहीं. परंतु दाणावैरण, खरारा, नाल, तबेला आणि मोतद्दार यांचा खर्च दुसऱ्याच दिवसापासून सुरू होतो, आणि घोडें दरवर्षीं एकेका वर्षानें म्हातारें होत जातें. वाहन मिळविण्याचा खर्च आणि वाहन बाळगण्याचा खर्च या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हें सत्य आमच्या पूर्वजांनीं एका ओळींत सांगून ठेविलें आहे.

घोड्याची जागा मोटारीनें घेतली त्याला आतां शतकाहून अधिक काळ लोटला. नवी मोटार रोखीनें घ्यावी, कर्ज काढून घ्यावी, कीं तीन-चार वर्षांच्या भाडेपट्ट्यानें वापरून परत करावी, हा प्रश्न अलीकडे आपल्याकडील सुशिक्षित कुटुंबांपुढेंहि येऊं लागला आहे. तो अगदीं नव्या काळाचा प्रश्न आहे अशी सर्वसाधारण समजूत दिसते. वस्तुतः त्याचें वय साडेतीनशें वर्षांहून कमी नाहीं. या दीर्घ काळांत वाहनें बदललीं, करारांचीं नांवें बदललीं, पण दोन मुद्दे कायम राहिले. वाहन जुनें होत जातांना त्याची जी किंमत उतरते, तें नुकसान कोणी सोसावयाचें? आणि शेवटचा पैसा फिटेपर्यंत वाहनावर हक्क कोणाचा? विक्रेता सहसा या दोन प्रश्नांचीं उत्तरें आपण होऊन देत नाहीं. तो महिन्याचा आंकडा पुढें करतो. म्हणूनच इतिहासाकडे वळणें उपयुक्त आहे.

प्रथम सतराव्या शतकांतील लंडन शहर घेऊं. तेथें भाड्याच्या घोडागाड्या चांगल्याच रुळल्या होत्या. १६६२ च्या कायद्यानें अशा चारशें गाड्यांस परवाने देण्याची व्यवस्था केली होती. आरमाराच्या कचेरींतील अधिकारी सॅम्युएल पेपीस याची त्या काळची रोजनिशी प्रसिद्ध आहे. भाड्याच्या गाडींतून लोकांच्या दृष्टीस पडण्याची आपणांस लाज वाटूं लागली आहे, आणि आपला दर्जा व आपली मिळकत पाहतां स्वतःची गाडी ठेवणें कांहीं अधिक होणार नाहीं, असें त्यानें १६६७ सालीं तींत लिहून ठेविलें. पुढच्या वर्षीं त्यानें एक गाडी ५३ पौंडांस ठरविली. पण एका जाणत्या मित्रानें ती पाहून, गाडी जड आहे आणि तिची तऱ्हा जुनी झाली आहे, असे अनेक दोष काढले, तेव्हां पेपीसनें आपला बेत बदलला. घोड्यांच्या जोडीस त्याला ५० पौंड पडले. म्हणजे जोडीची किंमत एका गाडीच्या किंमतीला जाऊन भिडली! खेरीज सारथी, त्याचा पोशाख आणि तबेला हे खर्च निराळेच.

या एका उदाहरणांत आपल्या प्रश्नाचीं सर्व अंगें दिसून येतात. पेपीस हिशेबांत पक्का होता. राज्याच्या आरमाराचे जमाखर्च त्याच्या नजरेखालून जात. तरीहि त्याच्या निर्णयास गति दिली ती लाजेनें. दुसरें असें कीं, गाडी घरीं येण्यापूर्वींच ‘जुनी’ ठरली. तिचें चाक झिजलें नव्हतें, कीं रंग उडाला नव्हता. केवळ तऱ्हा बदलली होती. वाहनाचा घसारा हा रस्त्यावरच्या झिजेइतकाच लोकांच्या दृष्टींतहि असतो, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे.

मालकीचा मान हवा, पण तिची दगदग नको, अशी इच्छा असणारा वर्ग लंडनमध्यें पुढें वाढत गेला आणि त्याच्या सोयीसाठीं एक स्वतंत्र धंदा उभा राहिला. या धंद्यांतील व्यापाऱ्यांस ‘जॉबमास्टर’ म्हणत. ते धनिकांना घोडे, आणि हवी असल्यास गाडी व सारथीहि, महिन्याच्या किंवा वर्षाच्या करारानें देत. घोडा आजारी पडला तर व्यापाऱ्यानें दुसरा आणून बांधावयाचा. घोडा मेला तर नुकसान व्यापाऱ्याचें. गाड्या बनविणारे कारखानदारहि आपल्या गाड्या अशा करारानें देत आणि दुरुस्ती आपल्याकडे ठेवीत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला टॉमस टिलिंग नांवाच्या गृहस्थानें दक्षिण लंडनमध्यें हा धंदा अगदीं लहान प्रमाणावर सुरू केला. १८९३ सालीं तो वारला तेव्हां त्याच्या पागांत हजारों घोडे होते. ज्यांना घोडे विकत घेण्याची सहज ऐपत होती असे लोकहि ते भाड्यानें घेत, याचें कारण उघड आहे. घोड्याचें आयुष्य अनिश्चित असतें. एकच जोडी बाळगणाऱ्याला त्यांतला एक घोडा लंगडा झाला तर अर्धें भांडवल गेल्यासारखें होतें. हजार घोडे बाळगणाऱ्याला त्यांतले दहा लंगडे होणार हें आधींच ठाऊक असतें, आणि तें नुकसान तो सर्वांच्या भाड्यांत वांटून टाकूं शकतो. भाडेपट्ट्याच्या मुळाशीं असलेलें खरें तत्त्व हेंच होय. भाडेकरी वाहनाच्या उपयोगाबद्दल पैसे देतो, आणि अनिश्चिततेतून सुटका करून घेण्याबद्दलहि देतो.

याच शतकांत मालकी आणि भाडें यांच्या दरम्यान एक तिसरी वाट निघाली. इंग्लंडांतील कोळशाच्या खाणवाल्यांना आगगाडीच्या वाघिणी हव्या असत, पण त्यांत भांडवल गुंतविण्याची शक्ति सर्वांना नव्हती. १८५५ सालीं बर्मिंगहॅम येथें निघालेल्या एका कंपनीनें त्यांना वाघिणी भाड्यानें देण्यास सुरुवात केली. अशा करारांत ठराविक वर्षें भाडें भरलें कीं वाघीण खाणवाल्याची व्हावी, असा रिवाज पुढें पडत गेला. तिकडे अमेरिकेंत सिंगर कंपनीचा भागीदार एडवर्ड क्लार्क यानें १८५६ पासून शिवणाचीं यंत्रें हप्त्यांवर देण्याची पद्धत पाडली. गृहिणीनें थोडी रक्कम भरून यंत्र घरीं न्यावें, दरमहा ‘भाडें’ द्यावें, आणि सर्व भाडें फिटल्यावर तें यंत्र तिचें व्हावें. या ‘भाडेखरेदी’नें असंख्य सामान्य घरांत उपयुक्त वस्तु नेल्या, हें निर्विवाद आहे. पण तिनें एक गुंताहि निर्माण केला. हप्ते चालू असतांना वस्तु कोणाची?

इंग्लंडच्या न्यायालयांपुढें हा प्रश्न आला तो दोन प्रसिद्ध खटल्यांत. १८९३ च्या ‘ली विरुद्ध बटलर’ या खटल्यांत घरसामान हप्त्यांवर घेतलेलें होतें आणि सर्व रक्कम भरण्याचें बंधन घेणाऱ्यावर होतें. तेथें न्यायालयानें, ही खरेदीच आहे, असें धरलें, आणि तिच्याकडून प्रामाणिकपणें सामान घेणाऱ्याचा हक्क मान्य केला. दोनच वर्षांनीं, १८९५ सालीं, ‘हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज’ हा खटला लॉर्डांच्या सभेपर्यंत गेला. एका गृहस्थानें पियानो घेतला होता. दरमहा साडेदहा शिलिंग याप्रमाणें छत्तीस हप्ते भरल्यावर तो त्याचा व्हावयाचा होता, परंतु मध्येंच पियानो परत करून करार संपविण्याची मुभा त्याला होती. हप्ते पुरे होण्यापूर्वींच त्यानें तो एका सावकाराकडे गहाण टाकला. सभेनें निर्णय दिला कीं, जो केव्हांहि परत करूं शकतो त्यानें विकत घेण्याचा करार केला असें म्हणतां येत नाहीं. तो केवळ भाडेकरी होय. पियानो मूळ मालकाकडे गेला आणि सावकार हात चोळीत बसला.

या निर्णयाचा परिणाम फार दूरवर झाला. व्यापाऱ्यांच्या वकिलांनीं तेव्हांपासून करारनामे याच नमुन्यावर लिहिण्यास सुरुवात केली. घेणारा मनांत म्हणत होता, ‘मी विकत घेतलें’. कागद म्हणत होता, ‘तूं भाड्यानें घेतलेंस’. एकदोन हप्ते चुकले कीं कागदाचेंच खरें ठरे. इंग्रजी कायद्याच्या छायेखालीं वाढलेल्या हिंदुस्थानांतहि हप्त्यांच्या व्यवहारास हाच नमुना लाभला.

आतां मोटारीकडे येऊं. हेन्री फोर्ड यानें १९०८ सालीं आपली ‘मॉडेल टी’ ही मोटार बाजारांत आणली तेव्हां तिची किंमत ८५० डॉलर होती; १९२५ च्या सुमारास ती ३०० डॉलरांच्याहि खालीं उतरली. फोर्डला कर्जाचा तिटकारा होता. मोटार इतकी स्वस्त करावी कीं शेतकऱ्यानें ती साठविलेल्या पैशांतून घ्यावी, असें त्याचें धोरण होतें. प्रतिस्पर्धी जनरल मोटर्स कंपनीनें नेमकी उलट दिशा धरली. १९१९ सालीं तिनें गिऱ्हाइकांना कर्ज देण्यासाठीं स्वतंत्र संस्था काढली. कांहीं भाग रोख भरावा, मोटार त्याच दिवशीं घरीं न्यावी, आणि उरलेली रक्कम महिन्यांच्या हप्त्यांनीं फेडावी, अशी ती व्यवस्था होती. फोर्डनें १९२३ सालीं याला उत्तर म्हणून साप्ताहिक बचतीची योजना काढली. गिऱ्हाइकानें दर आठवड्यास पांच डॉलर साठवीत जावें आणि पुरी किंमत जमल्यावर मोटार न्यावी. नीतीच्या दृष्टीनें फोर्डची योजना कदाचित् अधिक सरळ होती. पण एका घरीं मोटार आज येते आणि शेजारच्या घरीं ती वर्षादोन वर्षांनीं येणार, असा प्रकार असतां लोक कोणती वाट धरणार हें सांगावयास नको. १९२८ सालीं फोर्ड कंपनीनेंहि हप्त्यांनीं मोटारी देण्यासाठीं आपली संस्था काढली. ‘ऋण काढून सण करूं नये’ हा जुना उपदेश अमेरिकेंतहि होताच. तो त्या दहा वर्षांत मागें पडला.

येथें दुसरी एक गोष्ट घडली, आणि भाडेपट्ट्याच्या दृष्टीनें ती अधिक महत्त्वाची आहे. जनरल मोटर्सचा सूत्रधार आल्फ्रेड स्लोन यानें दरवर्षीं मोटारीची नवी तऱ्हा काढण्याचें धोरण अंगीकारलें. फोर्डची मोटार वर्षानुवर्षें जवळजवळ एकाच स्वरूपाची राहिली, आणि १९२७ सालीं ती बंद करावी लागली. पेपीसच्या मित्रानें जें काम एका गाडीपुरतें केलें, तेंच आतां एका प्रचंड धंद्यानें सबंध देशापुरतें केलें. चांगली चालणारी मोटार एका वर्षांत ‘मागची’ ठरूं लागली. यंत्र टिकाऊ होत गेलें आणि त्याच वेळीं त्याची बाजारांतील किंमत वेगानें उतरत गेली. ज्याला दर तीन वर्षांनीं नवी तऱ्हा हवी, अशा गिऱ्हाइकाचा जन्म येथें झाला. आणि भाडेपट्टा हा मुख्यतः अशाच गिऱ्हाइकाचा करार आहे.

तिकडे इंग्लंडमध्यें १९३० नंतरच्या वर्षांत भाडेखरेदीचें दुसरें अंग लोकांस दिसूं लागलें. बहुतेक हप्ते फिटल्यावर एखादा चुकला कीं कांहीं व्यापारी वस्तु उचलून नेत, भरलेले हप्तेहि आपल्याजवळ ठेवीत, आणि तीच वस्तु पुन्हां दुसऱ्यास देत. मजूरपक्षाच्या सभासद एलन विल्किन्सन यांनीं पार्लमेंटांत पुढाकार घेतला आणि १९३८ सालीं भाडेखरेदीचा कायदा झाला. वस्तूची रोख किंमत लिहून कळविली पाहिजे, आणि एकतृतीयांश रक्कम फिटल्यावर न्यायालयाच्या हुकुमावांचून वस्तु परत नेतां कामा नये, असे उत्तम नियम त्यांत होते. परंतु मोटारीच्या बाबतींत हा कायदा केवळ ५० पौंडांपर्यंतच्या व्यवहारांस लागू होता, आणि त्या काळीं अगदीं स्वस्तांतली नवी मोटारहि शंभर पौंडांच्या आसपास पडे. म्हणजे पियानो आणि पलंग घेणाऱ्यास जें संरक्षण मिळालें, तें नवी मोटार घेणाऱ्यास मिळालें नाहीं. कायदा झाला हें ऐकून निर्धास्त होण्यापूर्वीं तो आपल्या वस्तूला लागतो कीं नाहीं हें पाहावें, असा बोध यावरून कोणीहि घ्यावा.

शुद्ध भाडेपट्टा, म्हणजे शेवटीं मालकी देण्याचें वचन नसलेला करार, मोटारींच्या धंद्यांत अमेरिकेंतच वाढला. शिकागो येथील व्यापारी झॉली फ्रँक यानें १९३९ सालीं कंपन्यांना त्यांच्या फिरत्या विक्रेत्यांसाठीं मोटारी अशा पद्धतीनें देण्यास आरंभ केला. कुटुंबांपर्यंत ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पोंचण्यास एका करविषयक कायद्याचें निमित्त झालें. १९८६ च्या सुधारणेनें मोटारीच्या कर्जावरील व्याजाची प्राप्तिकरांतील वजावट टप्प्याटप्प्यानें काढून टाकली. कर्जाचें एक आकर्षण गेलें, आणि पुढील दशकांत भाडेपट्ट्याची मोटार ही तेथील मध्यमवर्गाची नित्याची गोष्ट झाली.

या करारांतील हप्ता कसा ठरतो हें समजून घेणें अगत्याचें आहे. समजा, एका मोटारीची किंमत १० लाख आहे आणि चार वर्षांनीं ती ५ लाखांस विकली जाईल असा देणाऱ्याचा अंदाज आहे. भाडेकरी चार वर्षांत घसाऱ्याचे हे ५ लाख भरतो, गुंतलेल्या भांडवलावरचें व्याज भरतो, आणि देणाऱ्याचा नफा व कर भरतो. पुऱ्या १० लाखांची फेड त्याच्याकडे नसल्यामुळें त्याचा हप्ता कर्जाच्या हप्त्याहून लहान दिसतो; पण चार वर्षांनीं त्याच्या हातीं कांहींच उरत नाहीं. कर्जानें घेणाऱ्याचा हप्ता मोठा असतो, पण शेवटीं ५ लाखांची मोटार त्याची होते. सर्व डोलारा त्या ‘चार वर्षांनंतरच्या ५ लाखां’वर उभा आहे, आणि तो निव्वळ अंदाज आहे.

हा अंदाज चुकला म्हणजे काय होतें याचीं दोन ताजीं उदाहरणें आहेत. २००८ सालीं अमेरिकेंत पेट्रोल कडाडलें आणि अवजड मोटारींच्या जुन्या बाजारांतील किंमती कोसळल्या. भाडेकरी आपली मुदत संपतांच मोटारी परत करून मोकळे झाले. नुकसान देणाऱ्या संस्थांच्या गळ्यांत पडलें. त्याच वर्षीं क्रायस्लरच्या वित्तसंस्थेनें तेथें भाडेपट्टे देणेंच बंद केलें. याच्या उलट २०२१-२२ मध्यें, महामारीनंतर नव्या मोटारींचा तुटवडा पडला आणि जुन्या मोटारींच्या किंमती अंदाजाच्या बऱ्याच वर गेल्या. ज्यांच्या करारांत मुदतीच्या शेवटीं ठराविक किंमतीस मोटार घेण्याचा हक्क होता, त्यांनीं ती बाजारभावाहून स्वस्त घेतली. दोन्ही वेळां, करारांत हक्काची वाट नीट लिहून घेतलेला भाडेकरी लाभांत राहिला. मात्र देणाऱ्या संस्था असे धडे विसरत नाहींत. पुढच्या करारांतील हप्त्यांत त्या हा धोका धरूनच चालतात.

आपल्या देशाचा इतिहास या बाबतींत फार निराळा आहे. १९४२ सालीं हिंदुस्थान मोटर्स आणि १९४४ सालीं शेठ वालचंद हिराचंद यांची मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपन्या निघाल्या. स्वातंत्र्यानंतरच्या परवान्यांच्या राज्यांत मोटारींचें उत्पादन अगदीं थोडें राहिलें. नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहावी लागे, आणि हातीं आलेली मोटार बाहेर जास्त किंमतीस विकली जाई. जेथें वस्तु वापरून तिची किंमत वाढते तेथें घसाऱ्याचा प्रश्नच उद्भवत नाहीं, आणि घसारा नाहीं तेथें भाडेपट्ट्याला स्थान नाहीं. १९८३ च्या अखेरीस मारुतीची मोटार आली, १९९१ नंतर बाजार खुला झाला, तऱ्हा भराभर बदलूं लागल्या. आणि जुनी मोटार खऱ्या अर्थानें जुनी होऊं लागली. आपल्या वडिलांच्या पिढीनें ‘मोटार म्हणजे मालमत्ता’ असें मानलें तें त्यांच्या अनुभवास धरून होतें. त्या अनुभवाचीं कारणें आतां उरलीं नाहींत, भावना मात्र उरली आहे.

कायद्याचा भागहि उद्बोधक आहे. १९७२ सालीं संसदेनें भाडेखरेदीचा कायदा मंजूर केला; तो कधींच अमलांत आला नाहीं आणि २००५ सालीं रद्दहि झाला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५१ वें कलम भाडेखरेदी, भाडेपट्टा आणि कर्जाचा बोजा या तिन्ही व्यवहारांची नोंद वाहनाच्या नोंदणीपुस्तकांत घेण्याची तरतूद करतें. म्हणजे ज्याला आपण ‘माझी मोटार’ म्हणतों, तिच्या पुस्तकांत बहुधा एका बँकेचेंहि नांव असतें, आणि कर्ज फिटल्यावर तो बोजा उतरवून घ्यावा लागतो. २००७ सालीं वाहन-कर्जाच्या एका प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयास, गुंडांकरवीं वसुली करणें कायद्याच्या राज्यांत चालणार नाहीं, असें बजावावें लागलें. इंग्लंडांतील १९३० नंतरची तक्रार सत्तर वर्षांनीं आपल्या दारीं आली होती.

२०२० च्या सुमारास आपल्याकडील मोटार कंपन्यांनीं कांहीं शहरांत मासिक भाड्यानें नवी मोटार देण्याच्या योजना काढल्या. आपल्याकडे स्वतः चालविण्यासाठीं भाड्यानें दिलेल्या मोटारीस काळ्या पाटीवर पिवळे अंक असतात. कांहीं योजनांत गिऱ्हाइकाच्या पसंतीप्रमाणें पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी मोटारीसारखी दिसणारी, सोय ठेविलेली आढळते. १६६७ सालीं लंडनच्या रस्त्यावर पेपीसला जी लाज वाटली, तिची दखल कंपन्यांनीं हिशेबांत घेतलेली आहे.

या सर्वांतून गृहस्थानें काय घ्यावें? जो मोटार दहा-बारा वर्षें वापरणार, त्याला खरेदीच स्वस्त पडते. कारण घसाऱ्याचा मोठा भाग पहिल्या कांहीं वर्षांतच होऊन जातो, आणि हप्ते फिटल्यानंतरच्या वर्षांत त्याला फक्त देखभालीचा खर्च राहतो. ज्याची बदलीची नोकरी आहे, ज्याला मोटार चार वर्षांहून अधिक ठेवावयाचीच नाहीं, किंवा विजेच्या मोटारीसारखें वेगानें बदलणारें यंत्र ज्याला हवें आहे, त्यानें घसाऱ्याची चिंता भाडें देऊन दुसऱ्यावर सोंपविणें शहाणपणाचें ठरूं शकेल. मात्र त्यानें किलोमीटरांची मर्यादा, मुदतीपूर्वीं करार मोडल्यास द्यावयाचा दंड, परत करतांना झीज कोणी व कशी मोजावयाची याचा नियम, आणि शेवटीं मोटार विकत घेण्याचा हक्क, हीं चार कलमें सहीपूर्वीं वाचलींच पाहिजेत. जो कर्जानें घेतो त्यानें एक हप्ता चुकल्यास काय होतें तें वाचावें. महिन्याचा आंकडा परवडतो कीं नाहीं, हा विचार यानंतर करावयाचा.

मालकीच्या अभिमानास या हिशेबांत जागा नाहीं असें मुळींच नाहीं. पेपीसची पत्नी पहिल्यांदा आपल्या गाडींतून बाहेर पडली तेव्हां त्या घरांत जो आनंद झाला असेल, त्याची किंमत पौंड-शिलिंगांत कोण करणार? तो आनंद विकत घेण्याचा प्रत्येक कुटुंबास अधिकार आहे. फक्त त्या आनंदापोटीं आपण किती रक्कम मोजली, हें त्या कुटुंबास माहीत असावें. आणि आपण मालक आहों कीं भाडेकरी, हें हप्ता चुकण्यापूर्वीं कळावें, चुकल्यावर नव्हे.